मामाची गाडी आणि अडत्याची दोनशे वर्षं

गेल्या दिवाळीत मामाचा फोन आला. मला वाटलं, "पीएचडी कधी संपणार?" हा नेहमीचा प्रश्न असेल. पण त्याने वेगळंच विचारलं. "अगं, तू ते अडत्यांवर काहीतरी करतेस ना? मग मला एवढंच सांग, मी माझी गाडी विकली आहे की नाही?"

प्रश्न ऐकून तुम्हाला हसू येईल. मलाही आलं. पण त्याची गोष्ट ऐकल्यावर लक्षात आलं, की गेली चार वर्षं मी ज्या जुन्या निकालपत्रांत आणि कायद्यांत डोकं घालून बसले आहे, ते सगळं याच प्रश्नाभोवती फिरतं. म्हणून आजचा लेख मामाच्या गाडीवर. (मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, वकील नाही. तुमची स्वतःची भानगड असेल तर वकिलाला गाठा.)

तर झालं असं. मामाने त्याची आठ वर्षं वापरलेली गाडी पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे ठेवली. विकली नाही, विकायला ठेवली. या धंद्यात त्याला 'पार्क अँड सेल' म्हणतात. गाडी तुमची, जागा डीलरची, गिऱ्हाईक आणायचं काम त्याचं, आणि सौदा झाला की कमिशन त्याचं. "तीन लाख वीसच्या खाली द्यायची नाही," असं मामाने बजावून सांगितलं. तोंडी. किल्ली दिली, आरसी दिली, विम्याची प्रत दिली, आणि डीलर म्हणाला म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून दिल्या. "सगळे असंच करतात साहेब, नाहीतर गिऱ्हाईक आलं की तुम्हाला पुन्हा हेलपाटा."

दोन महिने "बाजार थंड आहे" हेच उत्तर. मग एक दिवस मामा घरी चहा पीत बसलेला असताना फास्टॅगमधून टोल कापल्याचा मेसेज आला. नाका तासवड्याचा, म्हणजे कराडजवळचा. चौकशी केल्यावर कळलं, की गाडी दोन लाख साठ हजारांना गेली. मामाच्या हातात आले दीड लाख. बाकीचे? "डेंटिंग-पेंटिंग, पासिंगचा खर्च, आणि थोडं थांबा, पार्टीकडून यायचे आहेत." आरसीवर नाव अजून मामाचंच.

मामाच्या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. विकत घेणाऱ्याकडून गाडी परत मागता येईल का? डीलरकडून काय वसूल करता येईल? आणि उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर जबाबदार कोण? गंमत अशी, की या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांची सोय बघून दिली गेली आहेत. त्यामुळे ती एकमेकांशी नीट जुळत नाहीत. मामा अडकला तो त्या फटीत.

आधी वखार, मग शोरूम

दुसऱ्याचा माल स्वतःच्या ताब्यात घेऊन, स्वतःच्या नावाने विकणारा माणूस आपल्याला नवा नाही. बाजार समितीत माल घेऊन जाणारा कुठलाही शेतकरी अडत्याला ओळखतो. इंग्रज व्यापारी अशा माणसाला 'फॅक्टर' म्हणत. सुरतेच्या इंग्रजांच्या वखारीला 'फॅक्टरी' म्हणायचे ते तिथे काही तयार व्हायचं म्हणून नव्हे, तिथे हे फॅक्टर राहायचे म्हणून.

अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडचा कायदा मालधन्याच्या बाजूचा होता. तत्त्व सोपं: जे आपलं नाही ते दुसऱ्याला देता येत नाही. धन्याने फॅक्टरला विकायचा अधिकार दिला असेल, तर विक्री चालेल. पण त्याने तोच माल गहाण टाकून पैसे उचलले, तर? १७४३ च्या पॅटरसन विरुद्ध टॅश या खटल्यात न्यायालयाने सांगितलं, की फॅक्टरला विकता येतं, गहाण टाकता येत नाही. म्हणजे ज्या बिचाऱ्याने माल तारण ठेवून रोख मोजली, त्याचं तारण गेलं.

व्यापार वाढला तसं हे सावकारांना आणि व्यापाऱ्यांना परवडेना. लंडनच्या गोदीत पडलेल्या गाठींवर त्या कुणाच्या हे थोडंच लिहिलेलं असतं? ज्याच्या ताब्यात माल, त्याच्याशी व्यवहार. मालधनी समुद्रापार. या दबावातून १८२३ आणि १८२५ चे फॅक्टर्स अ‍ॅक्ट आले, मग १८४२ चा, १८७७ चा, आणि शेवटी सगळं एकत्र करणारा १८८९ चा. दर टप्प्यावर कायदा धन्यापासून थोडा दूर आणि विकत घेणाऱ्याच्या किंवा कर्ज देणाऱ्याच्या थोडा जवळ सरकत गेला.

यामागचा विचार असा: धनी आणि गिऱ्हाईक दोघंही निर्दोष, फसवणारा मधला माणूस. तो पळाला किंवा बुडाला. आता नुकसान दोघांपैकी कुणीतरी सोसायचंच आहे, तर ज्याने त्या माणसावर भरवसा ठेवून माल त्याच्या हाती दिला, त्यानेच सोसावं. या कायद्यांमध्ये 'इन्ट्रस्टेड' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. भरवशाने सोपवलेला. माझ्या सगळ्या प्रबंधाचा जीव या एका शब्दात आहे.

हे कायदे भारतात यायला वेळ लागला नाही. कंपनी सरकारने १८४० आणि १८४४ मध्ये ते इथे लागू केले. का, ते मुंबई बंदराकडे बघितलं की कळतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, लिव्हरपूलला कापूस मिळेना आणि मुंबईची चांदी झाली. इथला व्यापारी गाठी जहाजावर चढवायचा, त्यावर आगाऊ उचल घ्यायचा, आणि तिकडचा एजंट त्या विकायचा. भारत आणि युरोप तारेने जोडले गेले तेच मुळी १८६५ मध्ये. त्याआधी 'अमुक भावाखाली विकू नका' हे पत्र पोचेपर्यंत तिकडचा भाव दोनदा बदललेला असायचा. अशा धंद्यात धन्याच्या सूचना गिऱ्हाइकाला माहीत असणं शक्यच नव्हतं, आणि कायद्याने तशी अपेक्षाही सोडून दिली.

कापसाच्या गाठींनंतर मोटार

आता मामाच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. कापसासाठी घडवलेला हा नियम मोटारीला कसा लागला?

१९२३ चा फोक्स विरुद्ध किंग हा इंग्लंडमधला खटला वाचताना मला अक्षरशः मामाच दिसला. फोक्स यांनी आपली मोटार एका एजंटकडे विकायला दिली. अट एकच: ५७५ पौंडांच्या खाली विकायची नाही. एजंटने ती लगेच ३४० पौंडांना विकून टाकली आणि पैसे गिळले. घेणाऱ्याला या अटीची काही कल्पना नव्हती. पुढे गाडी हात बदलत किंग यांच्याकडे पोचली. फोक्स म्हणाले, माझी गाडी परत द्या, त्या माणसाने पहिल्यापासून फसवायच्याच हेतूने ती नेली होती.

अपील न्यायालयाने फोक्स यांचं म्हणणं मानलं नाही. मन वळवून घेतली असली तरी संमती ही संमतीच. गाडी तुम्ही स्वतःहून, विकण्यासाठी, विकण्याचाच धंदा असलेल्या माणसाच्या हाती दिलीत. किमतीची अट तुमच्या दोघांतली. गिऱ्हाइकाने चांगल्या हेतूने, धंद्याच्या नेहमीच्या रीतीने घेतली असेल, तर गाडी त्याची.

आपल्याकडे हाच नियम १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम २७ मध्ये बसला आहे. धंद्याने विकणारा एजंट, त्याच्या हाती मालकाच्या संमतीने आलेला माल, रीतसर विक्री, आणि घेणाऱ्याचा चांगला हेतू. या चार गोष्टी जमल्या की मालकी घेणाऱ्याकडे जाते. मामाची तीन लाख वीसची अट खरी होती, पण ती कराडच्या त्या माणसाला ऐकू जाण्यासारखी नव्हती.

"म्हणजे मी मूर्ख ठरलो," मामा म्हणाला. नाही. पण ज्या नियमाने त्याला बाजूला सारलं, तो नियम मोठ्या व्यापाऱ्यांच्या उलाढालीसाठी केलेला होता. शंभर गाठींतल्या दहा गेल्या तरी सावरणारा तो व्यापारी. मामाकडे गाठ एकच होती.

किल्ली आणि पुस्तक

मोटारीत आणि कापसात एक मोठा फरक मात्र आहे. मोटारीला कागद असतो.

इंग्लंडमध्ये १९२१ पासून प्रत्येक मोटारीबरोबर नोंदणीचं पुस्तक आलं, ज्याला तिकडे लॉग बुक म्हणत. हे पुस्तक मालकीचा पुरावा नव्हतं. तरी त्याच्याशिवाय जुनी गाडी कुणी घेईना, आणि न्यायालयांना त्याची दखल घ्यावी लागली.

१९५१ च्या पिअर्सन विरुद्ध रोझ अँड यंग या खटल्यात मालकाने गाडी डीलरकडे ठेवली होती, पण फक्त कुणी किती देतंय ते बघायला. पुस्तक त्याला द्यायचं नव्हतं. डीलरने बनाव रचून ते आपल्याकडे राहील असं बघितलं आणि गाडी विकली. लॉर्ड डेनिंग ज्या पीठावर होते त्या पीठाने सांगितलं, की जुनी मोटार पुस्तकासह विकायची तर गाडी आणि पुस्तक मिळून 'माल' होतो. मालकाची संमती गाडीपुरती होती, पुस्तकाला नव्हती. म्हणून गाडी मालकाचीच.

१९६२ चा स्टेडियम फायनान्स विरुद्ध रॉबिन्स हा खटला तर आणखी मजेदार. मालकाने आपली जॅग्वार डीलरकडे उभी केली, किल्ली मात्र स्वतःच्या खिशात ठेवली. नोंदणीचं पुस्तक गाडीतल्या कुलूपबंद कप्प्यात विसरला. डीलरने दुसरी किल्ली मिळवली, कप्पा उघडला, पुस्तक काढलं आणि गाडी विकली. न्यायालय म्हणालं, किल्लीविना आणि पुस्तकाविना गाडी म्हणजे नुसता सांगाडा. मालक वाचला, तो खिशातल्या एका किल्लीमुळे.

हे तीन निकाल ओळीने ठेवा आणि बघा. १९२३ चा माणूस हरला, १९५१ चा आणि १९६२ चा जिंकला. हुशारी तिघांची सारखीच. फरक एवढाच, की हरलेल्याने विकण्यासाठी गाडी पूर्णपणे सोपवली होती, आणि जिंकलेल्यांनी काहीतरी हातचं राखलं होतं. मामाने किल्ली, आरसी आणि कोऱ्या सह्या, तिन्ही एकाच बैठकीत दिल्या.

पट्टी मागायचा हक्क

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मामाच्या बाजूचं आहे, आणि ते बऱ्याच लोकांना माहीत नसतं. गिऱ्हाइकाविरुद्ध धनी दुबळा असला, तरी एजंटविरुद्ध तो चांगलाच बळकट आहे.

१८७२ चा करार कायदा उघडा. एजंटने धन्याच्या सूचनांप्रमाणे वागायचं, नाहीतर नुकसान भरून द्यायचं, हे कलम २११. मागितल्यावर रीतसर हिशोब द्यायचा, कलम २१३. धन्याच्या वतीने आलेले पैसे, आपलं देणं वजा करून, धन्याला द्यायचे, कलम २१८. कायद्यात दिलेली उदाहरणंही बघा. उधारीवर विकायची रीत नसलेल्या दलालाने उधारीवर माल दिला आणि गिऱ्हाईक बुडालं, तर तोटा दलालाचा. "पार्टीकडून यायचे आहेत" या वाक्याला दीडशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवलंय! दुसऱ्या एका उदाहरणात हजार कापसाच्या गाठी आहेत: एजंटने त्यांवर धन्याला उचल दिली असेल, तर धन्याला त्याचा विकायचा अधिकार मधेच काढून घेता येत नाही. म्हणून डीलरकडून 'टोकन' म्हणून थोडे पैसे आधीच घेताना जरा जपून.

हिशोबाला आपल्याकडे सुंदर शब्द आहे: पट्टी. माल विकला की अडत्याने द्यायचा कागद, ज्यात भाव, वजन, हमाली, तोलाई, भाडं, आणि हाती येणारी रक्कम. पट्टी किती क्रूर असू शकते ते २०२३ च्या फेब्रुवारीत सगळ्यांनी पाहिलं, जेव्हा बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे, खर्च वजा जाता, २ रुपये ४९ पैसे उरले. पण तो आकडा आपल्याला कळला, कारण पट्टी होती. मामाला पट्टीच मिळाली नव्हती. डेंटिंगचे किती, पासिंगचे किती, सगळं हवेत.

अजून एक जुना भेद इथे उपयोगी पडतो. अडत दोन प्रकारची: कच्ची आणि पक्की. कच्चा अडत्या नुसता मधला माणूस. पक्का अडत्या सौद्यात स्वतः बांधला जातो; समोरच्याने पैसे दिले नाहीत तरी धन्याला त्याच्याकडून मिळणार. मुंबई उच्च न्यायालयाने १९०५ मध्ये भगवानदास विरुद्ध कानजी या खटल्यात पक्क्या अडतीची ही रीत मान्य केली. आजचे बरेच तंटे मला याच भेदातून उगवलेले दिसतात. गाडी घेताना डीलर पक्क्या अडत्यासारखा बोलतो: "तुमचे तीन वीस कुठे जात नाहीत, माझी गॅरंटी." पैसे द्यायची वेळ आली की तो कच्चा होतो: "मी काय, मध्यस्थ." कागद नसला की दोन्ही वाक्यं त्याला परवडतात.

पैसे मुद्दाम दाबले असतील तर फौजदारी बाजूही आहे. १८६० च्या दंड संहितेतलं कलम ४०९ विश्वासघाताबद्दल बँकर, व्यापारी, दलाल यांच्याबरोबर 'फॅक्टर'चंही नाव घेत होतं. २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये तो शब्द अजून तसाच आहे. वखारीतला माणूस कायद्यात अजून नोकरीवर आहे म्हणायचा.

नाव कुणाचं

तिसरा प्रश्न सगळ्यात गंभीर, आणि मामाने तो सगळ्यात शेवटी विचारला.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात 'मालक' या शब्दाच्या व्याख्येत नोंदणीतल्या नावावर भर नव्हता. १९८८ च्या कायद्याने तो दिला: ज्याच्या नावावर वाहन नोंदलेलं, तो मालक. हेतू चांगला होता. अपघातात जखमी झालेल्या माणसाने गाडी किती हातांतून गेली ते शोधत का फिरावं? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठाम केलं. तिथे नोंदणीतल्या मालकाने २००७ मध्ये गाडी विकली होती, ती पुढे हातोहात गेली आणि अपघात २००९ मध्ये झाला. नोंदणी बदलली नव्हती, म्हणून भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली.

आता दोन नियम शेजारी ठेवा. कलम २७ म्हणतं, गाडी गेली. १९८८ चा कायदा म्हणतो, जबाबदारी राहिली. एक नियम गिऱ्हाइकाला जपतो, दुसरा जखमी माणसाला. दोन्ही आपापल्या जागी न्याय्य आहेत. पण मधल्या काळात मामाकडे गाडी नाही, पूर्ण पैसे नाहीत, आणि अपघाताचं ओझं मात्र आहे.

आणि त्या कोऱ्या सह्या! फॉर्म २९ ही विकणाऱ्याने आरटीओला द्यायची खबर आहे, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत. म्हणजे मामाला वाचवू शकणारा कागदच त्याने कोरा सही करून डीलरच्या टेबलाच्या खणात ठेवला होता.

सोपवण्याची नोंद

दोनशे वर्षांच्या या सगळ्या खटल्यांत एक गोष्ट सारखी आहे. वाद विक्रीच्या क्षणाबद्दल क्वचितच असतो. वाद असतो त्याआधीच्या क्षणाबद्दल: माल सोपवला तेव्हा नक्की काय ठरलं? आणि त्या क्षणाचीच कुठे नोंद नसते.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत जी भर घातली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू केली, ती मला म्हणून महत्त्वाची वाटते. जुन्या गाड्यांच्या डीलरला आता नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली, ही खबर फॉर्म २९सी मधून द्यायची. गाडी ताब्यात असताना डीलरचे अधिकार आणि जबाबदाऱ्या काय, ते लिहिलं आहे. गाडी कुठे, कशासाठी, कुणी नेली, याची इलेक्ट्रॉनिक नोंद त्याने ठेवायची आहे. सोपवण्याच्या क्षणाला पहिल्यांदाच स्वतःचा फॉर्म मिळाला.

फॉर्म आला म्हणून तंटे संपत नाहीत, हे मी सांगायला नको. मामाच्या डीलरने २९सी चं नावही काढलं नव्हतं, आणि मामाला ते विचारायचं ठाऊक नव्हतं.

शेवटी काय झालं? मामाने वकिलामार्फत नोटीस पाठवली. त्यात गाडी परत मागितली नाही. मागितली फक्त पट्टी: किती किमतीला विकली, कुणाला, कधी, खर्चाच्या पावत्या कुठे. शिवाय आरटीओला गाडी हस्तांतरित झाल्याचं लेखी कळवलं, आणि फास्टॅग बंद केला. हिशोब लेखी द्यायची वेळ आल्यावर डेंटिंग-पेंटिंगचा खर्च बराच उतरला. आणखी ऐंशी हजार आले, आरसीवरचं नाव मार्चमध्ये बदललं. तीन लाख वीस काही झाले नाहीत. पण नाव बदलल्याचा मेसेज आला त्या रात्री मामाला कित्येक आठवड्यांनी नीट झोप लागली, असं मामी सांगत होती.

मागच्या महिन्यात त्याने स्कूटर विकायला काढली. दुकानदाराला म्हणाला, "गाडी आज घ्या, आरसी पैसे आल्यावर. किंमत लिहून द्या, आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ टाका." दुकानदार वैतागून म्हणाला, "साहेब, इतका अविश्वास?"

मामा म्हणाला, "अविश्वास कसला? भरवसाच ठेवतोय. फक्त लिहून ठेवतोय."